आधी ठराव क्रमांक विचारा

पत्र

काका, नमस्कार.

आमची कॉलनी पस्तीसेक वर्षांपूर्वीची. मधोमध बारा-तेरा गुंठ्यांची मोकळी जागा आहे, सगळे तिला ‘ओपन स्पेस’च म्हणतात. कडुनिंबाची सात झाडं, एक मोडका झोपाळा. सकाळी निवृत्त मंडळी, संध्याकाळी आम्ही बायका आणि पोरांचं क्रिकेट. गेल्या महिन्यात नगरपरिषदेची दोन माणसं टेप आणि चुन्याची पाटी घेऊन आली आणि रेघा मारून गेली. एक रेघ तर झोपाळ्याच्या दोन खांबांमधून गेली आहे. विचारलं तर ‘वरून ऑर्डर आहे’ एवढंच. मागून कळलं की स्टँडसमोरच्या भाजीवाल्यांना इथे आणायचंय, खाली ओटे आणि वर गाळे काढायचेत. आम्हाला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. उद्या भाजीची घाण, टेम्पोंचे हॉर्न आणि नको ती माणसं आमच्या दारात.

दोनशेच्या वर सह्यांचं निवेदन मुख्याधिकारी साहेबांच्या हातात दिलं. ‘बघतो’ म्हणाले. आमचा नगरसेवक माझ्या मुलाच्या वर्गातला. तो म्हणतो, ‘काकू, तो विषय प्रशासकाच्या काळातला, माझ्या हातात काही नाही.’ कॉलनीतली पोरं रास्ता रोको करायला निघालीत. आमचे हे म्हणतात, वाईटपणा घेऊ नकोस, आपल्या दुसऱ्या मजल्याची परवानगी अजून त्यांच्याच टेबलावर आहे. माझी मधल्यामध्ये ओढाताण होते आहे. काय करू?

— झोपाळ्यासमोरच्या घरातली

उत्तर

ताई,

‘वरून ऑर्डर आहे’ हे वाक्य मी नोकरीत किती वेळा म्हटलं असेल, त्याला गणती नाही. एका ब वर्ग नगरपरिषदेत सत्तावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी सभा विभागात, म्हणजे अजेंडा काढणं, सभेत बसून टिपून घेणं आणि प्रोसिडिंग लिहिणं. समोरच्याने पुढचा प्रश्न विचारू नये, एवढ्यासाठीच ते वाक्य असतं. समोरचा खरंच विचारत नाही. मान डोलावतो आणि घरी जाऊन चिडतो.

पुढचा प्रश्न साधा आहे. ठराव क्रमांक काय आणि तारीख कोणती?

नगरपरिषदेत चुन्याची रेघ आकाशातून पडत नाही. कुणीतरी टिपणी लिहिलेली असते. मग विषय अजेंड्यावर येतो, ठराव होतो. अभियंता एस्टिमेट करतो, त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा, आणि शेवटी ठेकेदाराच्या हातात कार्यादेश. तुमचं काम या साखळीत नेमकं कुठल्या कडीवर आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. नुसती टिपणी असेल तर बोलण्याला पुष्कळ वाव आहे. कार्यादेश निघाला असेल तर लढाई वेगळी आणि घाईची. रेघा मारल्या म्हणजे काम सुरू झालं, असं धरून चालू नका. पुष्कळदा एस्टिमेट करण्यासाठी मोजणी घेताना तेवढ्यापुरता चुना टाकतात.

आता निवेदनाबद्दल. तुम्ही ते साहेबांच्या हातात दिलंत, आणि चूक तिथेच झाली. साहेबांच्या हातातून कागद टेबलावर जातो, टेबलावरून खणात, आणि बदली झाली की खण रिकामा होतो. दोनशे सह्या गोळा करायला तुम्ही आठवडाभर दारोदार फिरला असाल, पण आवक खिडकीवर दोन मिनिटं थांबला नाहीत. तेच निवेदन पुन्हा घेऊन जा, दोन प्रतींत. तुमच्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि कारकुनाची सही घ्या. तो ‘साहेब आल्यावर देतो’ म्हणाला तर तिथेच बाकावर बसून राहा, वाद घालू नका. साहेबांबरोबर निवेदन देतानाचा फोटो काढला असेलच. असू दे. फोटो पेपरात येतो आणि निवेदन कपाटात जातं, हे मी कपाटाच्या बाजूने पाहिलेलं आहे.

तुमचा नगरसेवक म्हणतो ते अर्धं खरं आहे. बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमाराला संपली, ओबीसी आरक्षणाचा तिढा न्यायालयात पडला आणि निवडणुका लांबत गेल्या. २ डिसेंबर २०२५ ला बहुतेक ठिकाणी मतदान झालं, २१ डिसेंबरला निकाल लागले. मधल्या काळात परिषदेचे आणि समित्यांचे सगळे अधिकार प्रशासकाकडे होते, आणि बऱ्याच गावांत मुख्याधिकारी हेच प्रशासक. म्हणजे ज्यांच्या कार्यालयातून टिपणी यायची, त्यांच्याच सहीने ठराव व्हायचा. ना चर्चा, ना ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणणारा कुणी सदस्य. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण आमच्या जुन्या विभागातला एक जण सांगत होता, सभागृहातल्या खुर्च्यांवर धूळ साचली होती आणि ठरावाचं रजिस्टर मात्र भराभर भरत होतं. प्रशासकाचे सगळेच निर्णय वाईट होते असं नाही. काही कामं उलट तेव्हाच मार्गी लागली. पण लोकांना विचारायची वेळ आली की विचारायचं कुणाला आणि कुणी, हेच उरलं नव्हतं.

अर्धं खोटं यासाठी की आता परिषद आहे. जुना ठराव नव्या परिषदेपुढे फेरविचारासाठी आणता येतो. तो वेद नाही. नगरसेवकाच्या हातात काही नाही, असं म्हणणं म्हणजे त्याला अजून नियम ठाऊक नाहीत किंवा त्याला त्यात पडायचं नाही. नवा पोरगा आहे, मी पहिलंच धरून चालतो.

इथे जरा विषय सोडून बोलतो. खेडेगावात ग्रामसभा असते. कशीही भरत असली तरी उभं राहून सरपंचाला विचारायचा कायदेशीर हक्क गावकऱ्याला आहे. मोठ्या शहरांत वॉर्ड समित्या आल्या, पण घटनेतली ती तरतूद (७४ वी दुरुस्ती, १९९२ ची) तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना सक्तीची. तुमच्या-माझ्यासारखी चाळीस हजार ते लाखाची गावं मध्येच लोंबकळतात. नगरपरिषद झाली म्हणून पेढे वाटले आणि त्याच दिवशी ग्रामसभा गेली, हे कुणी सांगितलंच नाही. ‘आम्हाला विचारलं नाही’ ही तुमची तक्रार रास्त आहे, पण विचारायची जागाच ठेवलेली नाही, हेही लक्षात असू द्या. ती जागा कागदातून काढावी लागते.

म्हणून कागद. नगरपरिषदेसारख्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य शासनाचा निर्णय २०१८ सालचा आहे. फार थोड्या लोकांना ठाऊक असतो, आणि कार्यालयातल्यांना तर सोयीस्करपणे नसतो. जाताना विषय लिहिलेला अर्ज न्या. नाहीच दाखवलं, तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावायचं, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. हा दीडशेचा नियम मला पूर्वी जाचक वाटायचा, पण त्याने लोकांची पाल्हाळिक पत्रं आवरली हेही खरं. ‘आमच्यावर अन्याय का करता’ असं लिहू नका. ‘का’ या प्रश्नाचं उत्तर माहिती अधिकारात मिळत नाही, कागद मिळतो. असं लिहा:

‘आमच्या कॉलनीतील खुल्या जागेवर प्रस्तावित ओटे व गाळे यांच्या कामासंबंधी १ जानेवारी २०२२ ते आजपर्यंतची पुढील कागदपत्रे द्यावीत: कार्यालयीन टिपणी, ठरावाची प्रत, अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा सूचना व कार्यादेश (निघाला असल्यास), आणि कॉलनीच्या मंजूर अभिन्यासाचा नकाशा, मंजुरी आदेशासह.’

एवढंच. ‘कॉलनी’च्या आधी तुमच्या कॉलनीचं नाव आणि सर्व्हे नंबर घाला. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आणखी एक तरतूद आहे, तिचा उपयोग निवेदनात करा: ज्या निर्णयाचा लोकांवर परिणाम होतो, त्याची सगळी संबंधित माहिती जाहीर करायची, आणि बाधितांना निर्णयामागची कारणं द्यायची, हे कार्यालयाचं स्वतःहून करायचं काम आहे. ‘का’ विचारायचंय ना, ते इथे विचारा.

माझ्या दृष्टीने यातला सगळ्यात मोलाचा कागद शेवटचा, अभिन्यासाचा म्हणजे कॉलनीचे प्लॉट पाडतानाचा नकाशा. ठरावापेक्षाही मोलाचा.

तुम्ही सगळे त्या जागेला ‘ओपन स्पेस’ म्हणता. नकाशा काय म्हणतो? जमिनीचे प्लॉट पाडताना, क्षेत्र पुरेसं मोठं असेल तर, साधारण दहा टक्के जागा मनोरंजनासाठी खुली सोडावी लागते. ती खुली जागा. पण मोठ्या अभिन्यासात ‘सुविधा क्षेत्र’ म्हणूनही एक तुकडा सोडलेला असू शकतो, त्याला ‘अ‍ॅमेनिटी’ म्हणतात. दोन्ही जागा वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या की सारख्याच दिसतात. दोन्हीवर गवत उगवतं, दोन्हीवर क्रिकेट होतं. कायद्याच्या डोळ्यांनी मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खुल्या जागेत फार थोडं बांधकाम चालतं, तेही व्यायामशाळा, वाचनालय असल्या, तिथे राहणाऱ्यांच्याच उपयोगाचं. सुविधा क्षेत्रात शाळा, दवाखाना, पोस्ट, वाहनतळ चालतं, तसा बाजारही चालतो. डिसेंबर २०२० पासून राज्यात जी एकत्रित नियमावली लागू आहे, तिच्यात सुविधांच्या यादीत खुला बाजार चक्क लिहिलेला आहे.

तेव्हा नकाशावर तुमचा तुकडा ‘ओपन स्पेस’ निघाला, तर गाळ्यांचा ठराव पायाशीच कच्चा आहे. ‘अ‍ॅमेनिटी’ निघाला, तर ‘बाजार नकोच’ हे म्हणणं टिकणार नाही. मग बाजार किती मोठा, कुठल्या तोंडाचा, टेम्पो कुठून शिरणार, झाडं कशी वाचवणार, यावर बोलावं लागेल. तिसरी शक्यता, शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर ‘खेळाचे मैदान’ किंवा ‘बाग’ असं आरक्षण असेल. तसं असेल तर आधी आराखड्यात फेरबदल करावा लागतो, नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली, आणि त्यासाठी सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना निघून गेली की नाही, हेही बघा. नगरपरिषदेच्या फलकाला काच आणि कुलूप असतं. डासांच्या फवारणीच्या वेळापत्रकामागे अर्धी झाकलेली हरकतींची सूचना मी स्वतः टाचणी काढून वर लावलेली आहे. आणि खरं सांगायचं तर एकदा सांगितल्यावरून मागेही लावलेली आहे.

नकाशा तुमच्या बाजूने निघाला तर तुम्ही एकट्या नाही. लखनौच्या अमीनाबाद भागात झंडेवाला पार्क आहे. तिथल्या महापालिकेने बागेखाली भुयारी बाजार बांधायला एका बिल्डरला दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये न्यायालयाने झालेलं बांधकाम काढून बाग पूर्ववत करायला सांगितलं. त्याच्या आधी बंगळुरूत बागेसाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला दिला होता, तोही निर्णय १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. आणि आजूबाजूच्या रहिवाशांना अशा वेळी दाद मागायचा हक्क आहे, हे त्याच खटल्यात स्पष्ट झालं. कोर्टात धाव घ्या असं मी म्हणत नाही. कोर्ट म्हणजे पैसा, वेळ आणि कॉलनीतल्या निम्म्या लोकांचा तिसऱ्या तारखेला उडालेला उत्साह. पण मुख्याधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनात हे दोन निकाल एका ओळीत आले, तर ते निवेदन विधी सल्लागाराकडे जातं. खणात जात नाही.

आता थोडं कडू बोलतो, रागावू नका.

‘भाजीची घाण’ आणि ‘नको ती माणसं’. हे शब्द नव्या निवेदनात नसावेत. पहिल्यात असतील तर दुसऱ्यात काढा. एक तर ते बरोबर नाही. ज्या बाईकडून तुम्ही वीस वर्षं मेथी घेता, ती ‘नको ती माणसं’ कशी झाली? दुसरं, ते तुमच्याच अंगावर येतं. परिषदेत कुणीतरी उठून म्हणणार, ‘बंगलेवाल्यांना गरिबांची दुकानं नको आहेत’, टाळ्या पडणार आणि तुमचा नकाशा कुणी उघडून बघणार नाही. मी अशी सभा पाहिली आहे. मुद्दा कागदावर पक्का होता, पण तो मांडणाऱ्याच्या तोंडून एक शब्द गेला आणि विषय दहा मिनिटांत मंजूर.

उलट एक काम करा. एखाद्या दिवशी सकाळी स्टँडवर जा, भाजी घ्या आणि तिथल्या दोन-चार जणींना विचारा की तुम्हाला कॉलनीत यायचंय का. माझा अंदाज असा की त्यांनाही कुणी विचारलेलं नाही. स्टँडसमोर धंदा का होतो? एसटीतून उतरणारा माणूस घरी जाताना जुडी घेतो म्हणून. कॉलनीच्या आत, दोन वळणं घेऊन, तो यायचा नाही. शिवाय गाळा म्हटलं की अनामत आली, भाडं आलं, लिलाव आला. आमच्या गावात असेच ओटे-गाळे झाले होते. ज्यांच्यासाठी बांधले त्यांच्यातल्या तिघांनीच घेतले, बाकीचे दुसऱ्यांच्या नावावर गेले. उरलेल्यांची शटरं गंजली आणि भाजी पुन्हा रस्त्यावर आली. टिपणी मीच टाइप केली होती, त्यामुळे तो खर्च मला अजून तोंडपाठ आहे. इथे लिहीत नाही.

कायदाही त्या बायकांच्या बाजूने बराच बोलतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्याप्रमाणे शहरात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचेच हवेत, आणि सर्वेक्षण पुरं होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस. तुमच्या गावात ही समिती आहे का, तिच्यापुढे हा विषय गेला होता का, हा एका ओळीचा प्रश्न तुमच्या निवेदनात घाला. आणि त्यांचं म्हणणं तुमच्याशी जुळलं, तर एकाच कागदावर कॉलनीच्या आणि विक्रेत्यांच्या सह्या घ्या. दोनशे रहिवाशांच्या सह्या पाहून मुख्याधिकारी ‘बघतो’ म्हणाले. त्याखाली वीस भाजीवाल्यांचे अंगठे आणि सह्या दिसल्या, की ते खुर्चीत सरळ बसतील. कारण मग हे काम नेमकं कुणासाठी, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. त्यांना यायचंच असेल, तर तेही तुम्हाला आधी कळलेलं बरं.

नगरसेवकाचं बघू. त्याला ग्रुपवर टॅग करून ‘मत मागायला आला होतास’ असं कुणी लिहिलं असेल, तर ते थांबवा. लहान गावात माणूस एकदा चारचौघांत खजील झाला की मदत करायची असली तरी करत नाही. त्याला घरी बोलवा, चहा द्या, आणि निवेदनाबरोबर एक पानाचं पत्र त्याच्या हातात ठेवा: ‘अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या ठरावाचा फेरविचार करण्याचा विषय पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.’ खाली त्याची सही, सोबत आणखी जितक्या सदस्यांची मिळेल तितक्यांची. नव्या सदस्याला विषय कसा द्यायचा तेच माहीत नसतं, तयार कागद मिळाला की तो खूश होतो. सभेची विषयपत्रिका सात दिवस आधी निघते, त्याच्या बरंच आधी हे पोचवा. आणि अजेंडा आला की शेवटचं पान वाचा. तिथे ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशी निरुपद्रवी दिसणारी एक ओळ असते. जे विषय लोकांना आधी कळायला नको असतात, ते पुष्कळदा त्या ओळीत राहायला असतात. सव्वाएक वाजलेला असतो, सगळ्यांना भूक लागलेली असते, आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणत फाइल बंद होते. त्याला सांगून ठेवा, ही ओळ संपेपर्यंत उठू नकोस. तुम्हीही दहा-पंधरा जण प्रेक्षक म्हणून जा. बोलता येणार नाही, घोषणा तर नाहीच. नुसतं बसा. मागे माणसं बसलेली असली की पुढच्यांचा आवाज बदलतो.

पोरांचा रास्ता रोको मात्र नको. रस्त्यावर गुन्हे दाखल होतात, विषय बदलतो, आणि ज्या एसटीवाल्याचा खोळंबा होतो त्याचा तुमच्या झोपाळ्याशी काही संबंध नसतो. त्या पोरांना मोबाइलवर महाटेंडर्सचं संकेतस्थळ रोज बघायचं काम द्या. निविदा निघाली तर तिथे दिसेल. एकाला जागेचे तारखेसह फोटो काढायला सांगा, झाडांसकट. झाडं तोडायची झाली तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे आधी जाहीर सूचना आणि हरकती आहेत. कडुनिंब पन्नाशीच्या आतले असणार, त्यामुळे वारसा वृक्षाचा दर्जा मिळणार नाही, पण प्रक्रिया टळत नाही.

परिषदेत काही झालं नाही, तर जिल्हाधिकारी. नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम आहे, त्याचं कलम ३०८ लक्षात ठेवा. परिषदेचा एखादा ठराव किंवा काम बेकायदा असेल, लोकांना त्रासदायक किंवा लोकहिताविरुद्ध असेल, तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्ज त्या कलमाचं नाव घेऊन करा आणि सोबत नकाशा जोडा, नाहीतर तो ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन फिरून त्याच मुख्याधिकाऱ्यांकडे येतो. पुष्कळ जण अशा वेळी लोकशाही दिन गाठतात. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो खरा, पण तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. दोनशे सह्यांचा कागद तिथून परत येतो आणि एक महिना जातो.

राहिले तुमचे ‘हे’. त्यांना भित्रे म्हणू नका. बांधकाम विभागातली फाइल खालून वर न्यायची की वरून खाली ठेवायची, हे ज्याच्या हातात असतं त्याचा पगार फार नसतो, पण ताकद असते. तेव्हा आधी घरपट्टी-पाणीपट्टी चालू वर्षापर्यंत भरून पावत्या जपा. कॉलनीचे कागद तुमच्या एकटीच्या सहीने जाऊ देऊ नका. पाच-सहा घरांच्या सह्या, दर वेळी वर वेगळं नाव. परवानगीची फाइल आणि हा विषय एकाच दिवशी, एकाच माणसाशी बोलू नका. आणि परवानगी मुद्दाम अडवली तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते आणि ती टळली की अपील करता येतं. हे त्यांना सांगा, म्हणजे त्यांची झोप परत येईल. माझी बायको मला उलटं सांगायची, ‘सगळ्यांना नियम सांगू नका, तुमचीच बढती अडेल.’ अडली, दोन वर्षं.

येत्या सोमवारी तीनला पोचा. दोघी जा, अर्ज आणि दहाचं स्टँप बरोबर असू द्या, पाणी घरून न्या. नकाशाची घडी जीर्ण असते, कारकुनालाच उलगडू द्या, तुम्ही हात लावू नका. त्या तुकड्यात आडवं काहीतरी लिहिलेलं असेल, शाई पुसट आणि अक्षर बारीक. वाचायचा चष्मा विसरू नका, आणि काय लिहिलंय ते मला कळवा.